पाणी : नाही

रविवार, १ फेब्रुवारी

साडेपाचला उठवलं! रविवारी! ठमीचं फर्मान — "बाबा, आता दर रविवारी माझ्याबरोबर पक्षी बघायला यायचं. पोट बघा जरा स्वतःचं." ही स्वयंपाकघरातून खुसूखुसू हसत होती. मायलेकींचं आधीच ठरलेलं असणार.

शहर संपतं तिथे बस सोडली. पुढे अर्धा तास पायपीट, मग अभयारण्याचं फाटक, लाकडी पूल, बघायचा मनोरा. शेकाट्या नावाचा एक पक्षी दाखवला तिने. लांबलचक लाल पाय, आणि चालतो असा की नवी चप्पल भिजायला नको! मजा वाटली. खोटं का बोला?

मग कुंपणापलीकडे बोट केलं. तिकडेही पाणी, तिकडेही पक्षीच पक्षी. "ती सगळी बाजू भरून टाकणारेत, बाबा. गोदामं होणार. तुमच्या खात्याच्या कागदावर तिथे पाणीच नाही म्हणे!"

हातातला चहा तसाच ओतून दिला. तो कागद मी लिहिलाय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

लिहून टाकतो एकदाचं. दोन वर्षांपूर्वीची पाहणी, ऐन उन्हाळ्यातली. आमच्या मोजणी खात्याची पद्धत अशी — काठी जमिनीवर टेकवायची. बोटभर पाणी चढलं तर 'पाणी : आहे'. नाही चढलं तर 'पाणी : नाही'. त्या दिवशी बोटभर चढलं नाही. चिखल मात्र घोट्यापर्यंत! डावा बूट हाताने उपसून काढावा लागला.

फॉर्मच्या तळाला 'शेरा' असा रकाना असतो. त्यात लिहायचं, 'पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी करावी'. चार शब्द. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता, डोकं तापलं होतं, भूक लागली होती. रकाना कोरा सोडला आणि गाडीत बसलो.

खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, अशी दोन दिवस स्वतःची समजूत घालतोय. पटत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज मला कामाला लावलं. "बाबा, कुंपणापलीकडचे तुम्ही मोजा." दोनशे चाळीसपर्यंत आलो आणि दुर्बीण खाली ठेवली. मोजवेना. ठमी म्हणाली, "मोजणीत तुमचा हात कोण धरणार!" सहज म्हणाली असेल. दिवसभर तेच कानात. जेवण गेलं नाही, पेपर वाचवला नाही, गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी आधी उठून केबिनचं दार लावलं. "आठ महिने राहिले तुमचे. आता कशाला नसती उठाठेव? चौकशी लागली तर निवृत्तीचे कागद अडकतील. तेवीसला त्या गोदामांची सुनावणी आहे, तोवर तोंडाला कुलूप." बाहेर आलो तर चक्क हायसं वाटलं! मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. 

रविवार, १५ फेब्रुवारी

बोलायचंच असं ठरवून गेलो. मनोऱ्यावर आम्ही दोघंच. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "डबा काढ."

बुधवार, १८ फेब्रुवारी

हिला सांगितलं. सगळं. कपड्यांच्या घड्या घालत ऐकून घेतलं तिने.

"मला काय सांगताय? तिला सांगा."

"आणि चौकशी लागली म्हणजे?"

"लागू दे. पोरीने तोंड फिरवलं म्हणजे काय कराल?"

उशांचे अभ्रे माझ्या हातात देऊन गेली आत. तिला राग आला की असं कामाला लावते.

रविवार, २२ फेब्रुवारी

ठमीने आज पक्ष्यांची वही उघडलीच नाही. पाण्याकडे बघत बसली. परत निघताना पुलावर थांबली. "बाबा, काही बोलायचंय का तुम्हाला?"

"छे! कुठे काय!"

असं म्हणालो! गाढव! शुद्ध गाढव! चांगली समोरून विचारत होती. बसमध्ये ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. उद्या सुनावणी. तिच्या पक्षीवाल्या मंडळींकडून तीच बोलणार आहे. तीन वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो.

सोमवार, २३ फेब्रुवारी

नावं पुकारायच्या आतच उभा राहिलो. "तो कागद माझा. तिथे पाणी असतं. मी लिहिलं नाही — माझी चूक." साहेब माझ्याकडे बघेनात.

लगेच ठमीला बोलावलं. हातात एक झेरॉक्स. लांबूनच ओळखली — कोरा शेरा, खाली माझी सही! तिने तिची घडी घालून पिशवीत टाकली आणि नुसती पक्ष्यांवर बोलली.

बाहेर आल्यावर माझा हात धरला. "ही झेरॉक्स महिनाभर होती माझ्याकडे. आमचे लोक तुमचं नाव पेपरात छापायला निघाले होते, बाबा. मी चार रविवार मागून घेतले. काल संपले."