पुलावर श्री नाही

सोमवार, ८ ऑक्टोबर २००७

बंद करणार म्हणे! आमचा खेळ बंद करणार!

संध्याकाळी सातला मशीन लावलं तर समोर इंग्रजीत लांबलचक सूचना. दोनदा वाचली. २१ तारखेला जुनी आवृत्ती कायमची बंद, मग फक्त नवी. खाली बारीक अक्षरात प्रोसेसरांची यादी — ह्यांच्यावर नवी आवृत्ती सुरूच होणार नाही. त्यात आमचा पेंटियम थ्री. सन दोन हजारचा. माझा धाकटा भाऊ श्रीहरी इंजिनिअरिंगला लागला तेव्हा अप्पांनी घेतलेला.

श्री पुलावर आलेलाच होता. खेळात एक लाकडी पूल आहे. बाकीचे तलवारी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावतात, आम्ही दोघं पुलावर उभे राहून गप्पा टाइप करतो. सत्तावीस वर्षांची मास्तरीण मी, शाळेत कळलं तर पोरं वर्ग डोक्यावर घेतील!

म्हटलं, सूचना वाचलीस? 'वाचली. तुझं मशीन चालणार नाही, अक्का.' आणि तुझं? 'माझं काय, ऑफिसनं नवं दिलंय.' बेंगळूरची कंपनी, देणारच.

मग लाईट गेला. पाऊण तासानं आला, तेव्हा तोही नुकताच परतलेला. 'इकडंपण गेला होता.' म्हणजे बेंगळूरलाही धारवाडसारखंच!

बुधवार, १० ऑक्टोबर

झोप नीट नाही. कारण साधं आहे. श्रीचा नंबर माझ्याकडे नाही. पत्ता नाही. ईमेल विचारला की विषय बदलतो. 'फोन केला तर अप्पा उचलतील' एवढंच म्हणतो. दोन वर्षं मला भाऊ भेटतो तो त्या पुलावर, सात ते आठ. घरात हे कोणाला ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मी शाळेचं काम करते.

अप्पा तेव्हा काय बोलले ते मला पाठ आहे. श्रीनं कॉलेज सोडल्याचं कळलं त्या दिवशी — 'तुझ्यापेक्षा ते मशीन बरं. सांगितलेलं तरी करतं.' त्या संध्याकाळी श्री घरी आला नाही. वादिराजमामांना केलगेरीच्या तळ्यावर सापडला. काठावर बसलेला. चपला बाजूला काढून नीट जोडून ठेवलेल्या. त्या चपलांबद्दल घरात कोणी कधी अवाक्षर काढलं नाही. आठवड्यानं तो निघून गेला.

मागच्या महिन्यात त्यानं लिहिलं होतं, 'तू सातला येतेस म्हणून दिवस ढकलतो.' मी तेव्हा त्याची थट्टा केली. आता ते वाक्य पाठ सोडत नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला भीमसेन येऊन गेला. मशीन उघडलं, धूळ फुंकली, परत बंद केलं. 'आगूदिल्ल री अक्कारं.' होणार नाही म्हणे. रॅम वाढवली तर? 'रॅमचं काम न्हवं ते. नवा खेळ ज्या सूचना देतोय, त्या ह्या प्रोसेसरला ठाऊकच न्हाईत. जन्मापासनंच न्हाईत. शिकवायला येत न्हाई.' मग प्रोसेसर नवा घालू? 'ह्या बोर्डावर बसायला पायजे की. बोर्ड बदललासा म्हणजे मशीनच बदललासा.'

चहा पिऊन उठला. वर, 'टायपिंगला अजून धा वर्षं जातंय बघा!' टायपिंगला!

नवं मशीन मागायचं तर अप्पांना कारण सांगायला हवं. आणि श्रीचं नाव काढलं की अप्पा उठून बाहेर जातात.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

आज धीर करून टाइप केलं — श्री, नंबर दे. दोनच दिवस उरलेत.

मग, 'उद्या देतो. उद्या नक्की ये, अक्का. तुला एक सांगायचंय. आज जमत नाही.'

आज का जमत नाही? पण येते म्हणाले. नक्की येते, असं दोनदा लिहिलं.

शनिवार, २० ऑक्टोबर

खंडेनवमी! मी विसरलेच कशी!

सकाळी न्हाऊन बाहेर आले तर अप्पांची पूजा झालेलीसुद्धा. मॉनिटरला हळदीकुंकू, खालच्या डब्यावर झेंडूची माळ, कीबोर्ड पाटावर. शेजारी आईची विळी, अप्पांचा पाना, माझं लाल पेन. उद्या दसरा; बन्नीचं सोनं वाटून आल्यावर उत्तरपूजा, तोवर कशाला हात लावायचा नाही. विळीसुद्धा पूजेत, म्हणून आज न चिरता होईल तेवढाच स्वयंपाक.

म्हटलं, पेपर तपासायचेत. आई म्हणाली, 'एक दिवस पेपर कुठं पळतात?' अप्पांनी माळ जरा वाकडी होती ती सरळ केली. दर वर्षी पहिलं कुंकू ते त्या मशीनलाच लावतात. रागानं की मायेनं, मला अजून कळलेलं नाही.

सातला मी मशीनसमोर जाऊन उभी. बटण दोन वितींवर. आई स्वयंपाकघरात, अप्पा देवळात. नाही धाडस झालं! एवढी शिकलेली बाई, झेंडूच्या माळेला भ्याले!

उद्याचा दिवस आहे अजून. तो समजून घेईल.

रविवार, २१ ऑक्टोबर

सगळं संपलं.

साडेसहाला बन्नी वाटून आलो. दारोदार 'बंगारदंग इरोण', सोन्यासारखं राहू, म्हणत हिंडले, चित्त सगळं घरी. उत्तरपूजा झाली, माळ काढली, मशीन लावलं. एक चौकट आली. ह्या प्रोसेसरवर हा खेळ चालत नाही. बस्स.

सूचना मी कागदावर उतरवून घेतली होती. काढून बघितली. '२१ ऑक्टोबर, दुपारी बारा.' मी तारीख वाचली होती. वेळ वाचलीच नव्हती! पोरांना सांगते, प्रश्न नीट वाचा, प्रश्न नीट वाचा!

मंगळवार, २३ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर लाइन बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. नवी मशीनं, त्यांच्यात नवा खेळ. कॉलेजची पोरं माझ्या साडीकडे बघत होती. बघू देत.

माझं नाव, माझा पासवर्ड घातला. उघडलं! धावत पुलावर गेले. आता खालचं पाणी चमकतं, त्यात ढग दिसतात. फार सुंदर केलंय. पुलावर श्री नाही.

खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढे होतं — शेवटचा आला: २१ ऑक्टोबर, सकाळी ११:५८.

म्हणजे तो शेवटपर्यंत थांबला होता. बंद होईपर्यंत पुलावर एकटा उभा, आणि आमच्या घरी मशीनला माळ.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

नाही आला. काल नाही, आज नाही.

माझं समजू शकते, माझं मशीन जुनं. त्याचं तर नवं आहे. त्याला अडवणारं काही नाही. मग तो येत का नाही?

सोमवार, २९ ऑक्टोबर

पुलावर वाट बघत उभी होते. कोणी अनोळखी आला आणि तलवार घालून गेला. शेजारचा पोरगा ओरडला, 'मॅडम, उठा की, मेलासा तुम्ही!' सगळे हसले. मीही हसले. मग कॅफेच्या जिन्यात बसून रडले.

सारख्या त्या चपला दिसतात.

शनिवार, ३ नोव्हेंबर

शाळेतून एकला आले. आजचा पेपर अप्पांच्या उशीखाली घडी घालून लपवलेला सापडला. आतल्या पानावर दोन ओळी — उणकल तळ्यात अनोळखी तरुणाचा मृतदेह, वय अंदाजे पंचवीस, हुबळीच्या दवाखान्यात ठेवला आहे.

पेपर पुन्हा उशीखाली सरकवला. आई म्हणाली, 'अप्पा सकाळीच हुबळीला गेले. काही बोलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून गेले.' तिला पेपरचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? दोन तास जोंधळे निवडले. आईनं आधीच निवडलेले जोंधळे!

तीनला फाटक वाजलं. अप्पांनी नळावर पाय धुतले. खूप वेळ धुतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'तो नव्हे.'

मग त्यांनी सावकाश सांगितलं, 'तिसऱ्यांदा गेलो.'

दोन वर्षांत तिसऱ्यांदा! दर वेळी पेपर लपवून, इस्त्रीचा शर्ट घालून, एकटेच. आणि मी समजत होते, ह्यांना फक्त ते मशीन प्रिय.

मग मी सगळं सांगून टाकलं. पूल, सात वाजता भेटणं, खंडेनवमी, सगळं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, 'काय बोलायचा?' म्हटलं, तुमचा खोकला कमी झाला का विचारायचा. अप्पा उठून मशीनच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सोमवार, ५ नोव्हेंबर

फोन! अप्पांनीच उचलला. पलीकडून 'अक्का आहे?' आणि अप्पांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

'अक्का, नवा खेळ माझ्या मशीनवर उघडत नाही. माझंपण पेंटियम थ्रीच आहे, कोणाचं तरी वापरलेलं. ऑफिस खोटं होतं. तेच सांगणार होतो. तू आली नाहीस, वाटलं, तूपण सोडलंस. आज मशीन पुसताना मागं आधीच्या मालकाचं कुंकू दिसलं, तेव्हा डोक्यात आलं. त्या दिवशी खंडेनवमी होती नव्हं?'

फोनवर उमटलेला नंबर हुबळीचा. बेंगळूरही खोटं. त्यानंच सांगितलं, दोन वर्षं तो उणकलला राहतोय, तळ्याच्या मागं, एका खोलीत.

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. दारातून हाका मारताहेत.