राऊटर पत्ता देत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ८.३०
नेट पुन्हा गेलं. म्हणजे गेलं असंही नाही. राऊटरचे सगळे दिवे हिरवे आहेत. पण बायकोच्या, माधवीच्या, लॅपटॉपवर 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' एवढंच गोल गोल फिरतंय. माझ्या मोबाईलला मिळाला. काल उलटं होतं.
शनिवारी अकराला तिच्या महिला गटाची ऑनलाइन मुलाखत. पुण्याची एक मोठी दुकानसाखळी. डाळिंबाचं सरबत आणि वाळवलेले दाणे. निवड झाली तर अकरा बायकांना वर्षभर काम.
माधवी म्हणाली, कंपनीत तक्रार नोंदवते. मी म्हटलं, इंदापुरात एकतीस वर्षं आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवलेल्या माणसाच्या घरातून तक्रार जाणार? तिनं मोबाईल काढला. तक्रार नोंदवली.
संकल्प: बुधवारच्या आत दुरुस्त.

संध्याकाळी ६
तीन व्हिडिओ पाहिले. प्रकार सोपा आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक नंबर देतो. तोच त्याचा पत्ता. पत्ता मिळाला की नेट सुरू. आमचा राऊटर कधी देतो, कधी देत नाही. थोडक्यात, शिस्तीचा प्रश्न.
बंद करून चालू केला. सगळ्यांना पत्ते मिळाले. माधवीला हाक मारली. ती येईपर्यंत तिचा गेला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
राऊटर फ्रीजवरून खिडकीत हलवला. फरक नाही, पण हवेशीर झाला. टेबलफॅनही लावून पाहिला.
दुपारी राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं. पत्ते आपोआप वाटणं बंदच करून टाकलं. यापुढे वाटप मी करणार. शंभर पानी वही घातली. माझा मोबाईल २, लॅपटॉप ३, टीव्ही ४, गेटवरचा कॅमेरा ५. हजेरीपटासारखं.
लॅपटॉप सलग चाळीस मिनिटं चालला! माधवी म्हणाली, बरं झालं. तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
दुपारी कंपनीचा सूरज आला, पाठीला पिशवी. दारातच सांगितलं, प्रश्न सुटला. तो म्हणाला, "काका, एकदा बघू तर द्या. ह्या मॉडेलच्या लय तक्रारी हायत." मी वही दाखवली. त्यानं वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ओटीपी घेऊन निघून गेला. तंत्रज्ञाला तंत्रज्ञ ओळखतो.

संध्याकाळी
सरुबाई आल्या. गटातल्या सगळ्यात जुन्या. सरबताचं प्रमाण त्यांच्याच हातात. त्यांच्या मोबाईलला नेट मिळेना. साहजिकच, वहीत नाव नाही. लगेच नंबर दिला, ३. माधवीचा लॅपटॉप मध्येच बंद पडला. ३ त्याचा होता.
सरुबाई म्हणाल्या, "सर, आमच्याकडं वही न्हाय, तरी चालतंय की."
त्यांना विषय कळलेला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मुलाखतीची तालीम. अकराच्या अकरा जणी आल्या, प्रत्येकीकडं मोबाईल, दोघींकडं दोन. वही दुसऱ्या पानावर गेली. गडबडीत एकीला टीव्हीचा नंबर गेला, आणखी कोणाला तरी कॅमेऱ्याचा. शेवटी तालीम मोबाईल डेटावर झाली. माधवी समोरच्या खोलीत बोलायची आणि आवाज तुटत तुटत स्वयंपाकघरात पोचायचा.
सगळ्या गेल्यावर तिनं विचारलं, सूरजला परत बोलवायचं का? मी म्हटलं, उद्यापर्यंत वेळ दे. तिनं दिला.
एक लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही म्हणून. मार्चमध्ये रिटायर झालो. ती रोज नऊला बाहेर पडते, लोक तिला विचारून कामं करतात. मला मार्चपासून कोणी काही विचारलेलं नाही. या राऊटरबद्दल निदान विचारतात तरी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपारी १
शेवटचा उपाय. राऊटरच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं. मी खात्रीसाठी तीस दाबलं.

दुपारी १.२०
एक दिवा लाल.

दुपारी ३
टाचणीनं सगळंच पुसलं गेलं. कंपनीचा पासवर्डसुद्धा. फोन लावला. बाई म्हणाल्या, तुमची तक्रार बुधवारी बंद झाली आहे, "ग्राहकाने स्वतः दुरुस्ती केली" अशी नोंद आहे. नवीन तक्रारीला अठ्ठेचाळीस तास लागतील.
माधवीला सांगितलं, लाल दिवा तात्पुरता आहे. तिनं लॅपटॉपची वायर गुंडाळून पिशवीत ठेवली.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ७.३०
माधवी आणि सरुबाई सव्वासातच्या एसटीनं बारामतीला गेल्या. तिथं माधवीची मैत्रीण वृषाली राहते, कॉलेजात शिकवते. तिच्या घरून मुलाखत देणार. मीही येतो म्हटलं. माधवी म्हणाली, "नको, राऊटरपाशी कोणीतरी पाहिजे." म्हणताना हसली नाही. तेच जास्त लागलं.

सकाळी ११.०५
सुरू झाली असेल. सरुबाई काय बोलतील देव जाणे. घरात आवाज नाही. वही काढून नावं वाचली. सतरा. एकालाही पत्ता नाही. बुधवारी त्या पोराला आत येऊ द्यायला काय झालं होतं मला?

रविवार, ९ नोव्हेंबर
निवड झाली. अकरा जणींची.
सूरज सकाळीच आला. नवा राऊटर लावला. चार मिनिटं लागली. जुना मुळातच सदोष होता. मी विचारलं, नवा इतक्या लवकर कसा मिळाला? म्हणाला, "बुधवारी पिशवीत हाच होता की, काका."
पत्ते आपोआप मिळतात. माझ्यासकट सगळ्यांना.
दुपारी वृषालीचा फोन आला, अभिनंदन म्हणाली. मी म्हटलं, माझं कशाबद्दल? तर मुलाखतीत त्या लोकांनी विचारलं होतं, ऑर्डरी ऑनलाइन येणार, तुमच्याकडं नेटचं काय? माधवी शांतपणे म्हणाली, "त्याची काळजी नको. आमचा एक माणूस दिवसभर त्याच्याच मागं असतो." समोरचे एकदम खूश झाले म्हणे.
मीही झालो. चांगला पाऊण कप चहा संपेपर्यंत खूश होतो.