देवधर सरांचं कुलूप

५ फेब्रु. १९९६
सरांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मीही नाही. कॉम्प्युटरवर रबराची मॉडेलं सर आणि मी करायचो, आता मी एकटी. बसच्या इंजिनाखालचा, त्याचे हादरे झेलणारा रबरी माउंट सर जाण्याआधी पास करून गेले. शुक्रवारी कारखान्याच्या मोठ्या साच्याची ऑर्डर जाणार.

६ फेब्रु.
तात्पुरत्या साच्यातला नमुना प्रेसवर दाबला. स्क्रीनवर जेमतेम हलणारा माउंट इथे भसकन फुगला, कडेला चीर. चालत्या बसमध्ये फाटला तर? अंगठ्याने दाबून पाहिला, सर दाबायचे तसा. "रबर दाबलं की पळतं गं नफीसा, त्याला जागा दे." हे शिकवणारा माणूस आणि...

७ फेब्रु.
मॉडेल उघडलं. मॉडेल म्हणजे छोट्या छोट्या ठोकळ्यांनी रचलेला माउंट, आणि सरांनी साधेच ठोकळे लावलेत. रबराचं आकारमान बदलत नाही, आणि या ठोकळ्यात जागोजागी तीच सक्ती, मग बिचारा हलणार कसा? आखडून बसतो. याला 'कुलूप लागलं' म्हणायचं, शब्द सरांचाच. दुसऱ्यांची कुलुपं लांबून ओळखायचे! शेवटी दुखणं अंगावर काढत होते, तेव्हाच झालं असणार. राग आला मला. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, अम्मी म्हणते.

८ फेब्रु.
साधे ठोकळे काढून दाबाचा हिशेब वेगळा धरणारे ठोकळे, हायब्रिड एलिमेंट, लावले. मशीन सकाळपासून कण्हत होतं. दुपारी रबर सुटलं! प्रेसवर फुगलं तिथेच फुगलं, चिरेपाशीच ताण. आनंदाने मागे वळले, "सर, बघा ना!" रिकामी खुर्ची. आणि त्यांच्या बामचा वास.

कारखान्याच्या मालकांना, शेठना, सांगितलं. "टेन्शन कशाला घेते? साहेब पास करून गेले ना? उद्या काय झालं तर नाव त्यांचं."

संध्याकाळी सरांच्या मिसेस, काकू, खुर्चीवरची उशी न्यायला आल्या. "ह्यांचं शेवटचं काम नीट झालं ना गं? तापात पण माउंट, माउंट करत होते." मी म्हटलं, चहा घ्या.

९ फेब्रु.
रिपोर्ट टाइप केला. साचा थांबवा, सरळ लिहिलं. आधीच्या मॉडेलला कुलूप होतं, तेही लिहिलं. ते कुणी केलं, एवढी ओळ राहिलीय. लिहिते, खोडते. ती कोरी सोडली तर शेठ म्हणणार, साहेबांचं मॉडेल वेगळं, ते पासच आहे. शेठ दाराशी उभे. "झालं का गं?"

उशी काल गेली, तरी बामचा वास येतोय. भीती वाटतेय मला. सर, तुम्हीच सांगा, तुमचं नाव लिहू?