हत्तिणीचा एक इंच

२ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

घरी काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं समजेल. सदतीस इंची टायर चार, प्रत्येकी एकवीस हजार, म्हणजे चौऱ्याऐंशी. स्प्रिंगच्या उंच पाट्यांचा संच बावीस हजार. बॉडी आणि सांगाडा यांच्यामध्ये घालायचे लोखंडी ठोकळे सहा हजार. मिस्त्रीची मजुरी अकरा. टेम्पोवाला आठशे मागत होता, सहाशेवर आणला. अंगण आता अंगण राहिलेलं नाही. चिमण्याची जुनी जीप त्यात उभी आहे, आणि शेजारी येता-जाता तिला हत्तीण म्हणतात.

हे सगळं हौसेसाठी नाही, तेव्हा लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. डोंगरावरच्या टॉवरची दुरुस्ती करणारी माणसं रोज वर नेऊन खाली आणायचं वर्षभराचं काम चिमण्याला मिळतंय. शेवटच्या दोन कोसांत रस्ता म्हणून काही उरलेलाच नाही, नुसते धोंडे आणि चिखल. साधी गाडी पोटावर बसते. काम एक एप्रिलपासून. पण कंपनीने घातलेली अट अशी, की गाडी अशी उंच केल्यावर तिचं नव्याने पासिंग करून कागद दाखवायचा. डोंगरावर कोणी विचारणार नाही, पण डोंगरापर्यंत जायला गावातला मोठा रस्ता आहे, बँक आहे, शाळा आहे.

चिमण्याचा एक मित्र म्हणाला की मामाच पासिंगच्या ऑफिसात आहे तर काळजी कसली. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, की मामाची सही आमच्या फडताळात ठेवलेली नाही. तर मला शिफारस नको. नियम काय आहेत ते मॅट्रिक झालेल्या बाईला कळतील असे लिहून पाठव.

तू लिहिलं होतंस की मी शिवलेला या वेळचाही सदरा खांद्यात सैल होतो. मी तू पाठवलेल्या मापानेच कापला होता. म्हणजे तू वाळला आहेस. तीन वर्षं हेच चाललंय, माप जुनंच पाठवतोस आणि तब्येत लपवतोस. रोज देवापुढे तुझ्यासाठी पाच मिनिटं जास्त बसते, पण खाणं तुलाच खावं लागेल. पडदे सोमवारी पाठवले. तू लिहिल्याप्रमाणे लांबी बरोबर सात फूट.

ह्यांचा तुला निरोप असा, की हत्तिणीत चढायला ते शिडी शोधत आहेत.

तुझा लोभ वाढता असेल असं धरून चालते.
तुझी ताई


८ मार्च

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार, वि. वि.

पडदे पोचले. शिवण नेहमीसारखी बारीक. लांबीला चार बोटं जास्त झाले आहेत, तुझ्या भावजयीने खालून दुमडून टाचण्या लावल्या. ही तक्रार नव्हे. मी वाळलेलो नाही. ऑफिसच्या काट्यावर तीन वर्षांपूर्वी चौऱ्याहत्तर भरलो होतो, काल पुन्हा चौऱ्याहत्तर.

आता नियम. बंपरची खालची कड जमिनीपासून अठ्ठावीस इंचांहून वर नको. पुढचे दिवे चोपन्न इंचांच्या वर नकोत. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावत असेल तर मडगार्डला रबराची झालर लाव. मागे चिखलपट्ट्या हव्यात. आणि वेगाचा काटा दुरुस्त करून घेतलेला हवा. टायर मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, पण काट्याला ते ठाऊक नसतं. तो आपला जुन्या टायरच्या हिशेबाने पन्नास दाखवतो तेव्हा गाडी साठावर असते. चालवणारा खोटं बोलत नसतो. तो काट्यावर विश्वास ठेवतो इतकंच.

अठ्ठावीसच का, असं तू विचारशीलच. लहान मोटारींचे बंपर साधारण वीस इंचांच्या आसपास असतात. दोन बंपर एकमेकांना भिडले तर पत्रा चेपतो. एक फार उंच असला तर तो दुसऱ्याच्या वरून जातो, आणि तिथे काच असते, काचेमागे माणूस असतो.

चिमण्याची तारीख बावीस मार्च लावली आहे. गाडी मी बघणार नाही, शेजारच्या टेबलावरचे सहकारी बघतील. लहानपणी तू बिस्किटाचे दोन तुकडे करायचीस आणि लहान निघालेला स्वतः घ्यायचीस, त्या बाईला हे समजावायला नको.

तुम्हा सर्वांचा लोभ आहे, त्यात घट नको.
तुझा धाकटा


१५ मार्च

चि. पट्टीसाहेबांस ताईचे आशीर्वाद, वि. वि.

(रागावू नकोस. पाचवीत असल्यापासून खिशात फूटपट्टी घेऊन फिरायचास, तेव्हा हे नाव मी नाही, तूच ठेवून घेतलंस.)

तुझं पत्र चिमण्याला दोनदा वाचून दाखवलं. काचेमागच्या माणसाचं वाक्य तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो उठून बाहेर गेला, म्हणजे लागलं. झालर लावली, चिखलपट्ट्या लावल्या, काटा दुरुस्त करून आणला, मिस्त्रीची पावती सोबत दिली आहे.

मोजायचं काम मात्र मी कोणाच्या हाती दिलं नाही. आईची शिवणाची टेप घेऊन स्वतः अंगणात उतरले. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, दिवेलागणीला मोजलं. तिन्ही वेळा बंपर पावणेअठ्ठावीस. पाव इंच आपल्या बाजूने शिल्लक. दिवे एकोणपन्नासावर. समोरच्या मास्तरीणबाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी विचारलं की जीपला परकर शिवताय का. मी म्हटलं, शिवला तर कापड तुमच्याकडून घेईन.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते. त्याच मित्राने चिमण्याला शिकवलं की मोजायच्या दिवशी टायरमधली थोडी हवा सोडायची, गाडी आपोआप बसते. मी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. एका दिवसापुरती बुटकी होऊन काय करायचं, दुसऱ्या दिवशी शाळेवरून उंचच जाणार ना? हवा पूर्ण भरलेली असेल, तपासून घ्या.

सगळी मापं एका कागदावर लिहिली आहेत. खाली मी स्वतः मोजले असं लिहून सही केली आहे. चिमणा तो कागद घेऊन येईल. ऑफिसात चालत नसेल तर नसो, पण आमच्या घरून काय निघालं ते तुमच्याकडे राहील.

त्याला जेवू घालून परत पाठव. एकतीस वर्षांचा झाला, सहा फूट झाला, तरी घाबरला की जेवत नाही.

लोभ मोजून बघायचा नाही, तो धरून चालायचा.
तुझी ताई


२३ मार्च

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार, वि. वि.

गाडी काल नापास झाली. चिमण्याने सांगितलं असेलच, तरी मी लिहायला हवं.

ज्या सहकाऱ्यांकडे तारीख होती त्यांना सकाळीच एका अपघाताच्या जागी बोलावलं. त्यामुळे गाडी माझ्याकडे आली. मी ती सिमेंटच्या सपाट फरशीवर घेतली, हवा तपासली. हवा पूर्ण होती. दिवे, झालर, चिखलपट्ट्या, काटा, सगळं ठीक. बंपर पावणेएकोणतीस भरला. दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी मोजला.

चिमण्याने तुझा कागद पुढे केला. कारकुनाने तो वाचला आणि एवढंच म्हणाला की घरच्या बाईने पावणेअठ्ठावीस लिहून दिलंय, साहेबांनी अठ्ठावीस लिहावं, इंचभर कोणाच्या डोळ्यांना दिसतो. चिमणा माझ्याकडे बघत उभा राहिला. मी टेपने दाखवलं ते लिहिलं. तो चहा न घेता गेला.

नवी तारीख नऊ एप्रिलच्या आधी मिळत नाही. त्याचं काम एकपासून आहे हे मला माहीत आहे.

सहकारी संध्याकाळी परत आले. तिथेही एक उंच केलेली गाडी आणि एक लहान मोटार होती. त्यांनी काय पाहिलं ते लिहीत नाही.

तू रागावली असशील तर ते लिहून कळव. न लिहिण्यापेक्षा ते बरं.
तुझा धाकटा


३ एप्रिल

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

पत्र नाही. अकरा दिवस झाले. एरवी तुझं पत्र आठवड्याला येतं.

परवा रविवारी तुझ्या भावजयीने पडद्यांच्या टाचण्या काढून नीट दुमड घालायला घेतली आणि मला लांबी मोजायला सांगितली. मी चौऱ्याऐंशी इंच लिहून पाठवले होते. पडदे सत्त्याऐंशी भरले, सहाच्या सहा. मग मी कपाटातले तुझे तिन्ही सदरे काढून मोजले. छाती चाळीस पाठवली होती. तिन्ही साडेएकेचाळीसच्या जरा आत आहेत, एकसारखे.

तू तीन वेळा मोजलंस आणि तिन्ही वेळा तेच आलं, यावर माझा विश्वास आहे. तुझी टेप एकदा एखाद्या स्टीलच्या टेपला लावून बघ. एवढंच.

चिमण्याची नऊ तारीख मी कायम ठेवली आहे.
तुझा धाकटा


१२ एप्रिल

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काय लिहू ते कळत नव्हतं, म्हणून उशीर. आधी राग होता. चिमणा परत आला तो सरळ खोलीत जाऊन पडला. मामाने आईचा कागद सगळ्यांसमोर खोटा पाडला, एवढंच बोलला. मलाही तसंच वाटलं. देवाला स्मरून मोजलेलं माप, आणि सख्ख्या भावाने त्यावर रेघ मारली. ह्यांना मी सांगून टाकलं की यापुढे तुझ्याशी माझा पत्रव्यवहार संपला. ते म्हणाले, पोस्टाची तिकिटं वाचतील. त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशी आमच्याकडे सुतार कपाटाचं दार बसवत होते. मी त्यांची स्टीलची टेप मागून घेतली आणि आईची टेप तिच्या शेजारी जमिनीवर पसरली. आईच्या टेपवरचा साठ त्यांच्या बासष्टच्याही थोडा पुढे गेला. सुतारांनी वाकून बघितलं आणि विचारलं, की ही किती वर्षांची. मी सांगितलं, आईची वीस आणि माझी एकतीस. ओढून ओढून ताणली गेली बिचारी. तुझ्या त्या वेगाच्या काट्यासारखं झालं, आपण वाढलोय हे तिला कोणी सांगितलंच नाही.

मग बसल्या बसल्या सगळं उलगडत गेलं. घरात आजवर कधी बोभाटा का झाला नाही? ह्यांचं अंग मी त्याच टेपने मोजते आणि कापडही त्याच टेपने कापते. शेजारणींचं तसंच. सगळं चपखल बसतं. चूक निघाली ती फक्त लांबून माप येणाऱ्या माणसाची. म्हणजे तुझी. आणि हत्तिणीची.

आता सांग, तीन वर्षं तुझ्या तब्येतीसाठी मी रोज पाच मिनिटं जास्त बसले, त्याचं काय करायचं? देवाकडे परत मागता येत नाही. असू दे तुझ्या नावावर जमा, म्हातारपणी लागेल.

चिमण्याला मी जेवताना सांगितलं. की कागद खोटा नव्हता, पण माप खोटं होतं, आणि मामाने कागदावर नाही, मापावर बोट ठेवलं. तुझी माफी मीही मागते आणि त्यानेही मागावी, असं सांगितलं. त्याने ताट उचलून ठेवलं, आणि रात्र व्हायच्या आत मिस्त्रीला घेऊन आला. दोन इंची ठोकळे काढून एक इंची घातले. मी सुतारांची टेप घेऊन शेजारी उभी होते. पावणेअठ्ठावीस. आकडा तोच, या वेळी खरा.

नऊ तारखेला तूच मोजलंस, हे त्याने सांगितलं. दुसऱ्या साहेबांनी बोलावलं होतं तरी हा तुझ्याच रांगेत जाऊन उभा राहिला, हे मात्र त्याने सांगितलं नाही, मित्राकडून कळलं. पास झाल्यावर तू त्याला घरी नेऊन जेवू घातलंस, आणि माझा जुना कागद फाईलला न लावता घडी करून खिशात ठेवलास. कशाला ठेवलास? फाडून टाक. नाहीतर राहू दे.

दहा दिवस दुसऱ्याच कोणाची गाडी वर जात होती, ती मिळकत गेली. कंपनीचे साहेब कुरकुरले, पण कागद बघून गप्प बसले. काल पहाटे हत्तीण पहिल्यांदा सहा माणसं घेऊन वर गेली. मी फाटकाशी उभी होते. शाळेच्या कोपऱ्यावर एक छोटी पांढरी मोटार तिच्या समोर येऊन थांबली आणि पुढे गेली. ती चालवणाऱ्या बाईंना काय ठाऊक? पण मला तुझं ते वाक्य आठवलं आणि इंचभर लोखंड मिस्त्रीकडे पडलंय ते बरं वाटलं.

आईची टेप टाकवत नाही. तिला मधोमध गाठ मारून पेटीत ठेवली आहे, म्हणजे चुकून कोणी वापरणार नाही. नवी आणली. दुकानात सुतारांच्या टेपला लावून बघितली, दुकानदार हसला, हसू दे.

भावजयीला सांग, पडदे उसवू नको, दुमड तशीच ठेव. तुझे तिन्ही सदरे मात्र परत पाठव, मी आत घेऊन देते. आणि चौथ्यासाठी कापड आणून ठेवलं आहे. छाती, खांदा, बाही आणि उंची, चारही मापं तुझ्या ऑफिसच्या टेपने घे, श्वास न रोखता घे, आणि उलट टपाली कळव.

तुझी ताई