लाभ, दोन, तीन

येळ्ळूर, १९४४

अण्णा,

हे पत्र धाडायला आता पत्ता न्हाई, तरी लिहिते. दसरा झाला. उत्तरेकडनं येणारे ससाणे मोजायला शाळेचे मास्तर मला नि आप्पांना परत गडावर नेतात.

तू लष्करात जायच्या आधी आप्पा ससाणेबी जोंधळा मापल्यागत मोजायचे, "लाभ, दोन, तीन."

तू हसायचास. "आप्पा, एक म्हणा की!"

"पैल्याला एक म्हणत न्हाईत रं. बरकत जाती."

मग तू लढाईत पडल्याची तार आली. आज पहिला ससाणा दिसला, तर आप्पा हळूच म्हणाले, "एक."

मला सोसवलं न्हाई. मी ओरडले, "लाभ!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मुंडाशानं डोळे पुसले आणि आभाळाकडं बघत म्हणाले,

"दोन."

तुझी,
जया