फुगलेल्या अग्निगरुडाचा वारस

मी, नीलकंठ वेणीमाधव पुणतांबेकर, वय ७३, निवृत्त संस्कृत शिक्षक, संकठा घाटामागच्या गल्लीत जन्मलो आणि तिथूनच जायचा विचार आहे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी इंदू हिचे मत वेगळे असून ते तिच्या आग्रहावरून नोंदवले आहे.

कलम १. घर व बँकेतली ठेव इंदूस.

कलम २. कन्या ईशानी हिने पुण्याहून आणलेला पत्त्यांचा डबा. राक्षस, पक्षी आणि मंत्र जमवून एकमेकांवर सोडायचे, असा खेळ. मी, विष्णु आणि गोपीनाथ, तिघे पेन्शनर, भोसले घाटाच्या पायऱ्यांवर तो शिकलो. एकच डबा तिघांत वाटला. नवा पुडा वर्षातून एकदा, देवदिवाळीला, वर्गणी काढून. कमी पडलेले पत्ते जुन्या लग्नपत्रिका कापून केले, त्यामुळे माझ्या एका राक्षसाच्या पोटावर 'चि. सौ. कां. सुरुची' असे छापलेले आहे. हा साठा नव्याने शिकणाऱ्यास फुकट द्यावा. त्याने पहिले सहा महिने बाजारातून काही घेऊ नये, आधी हरायला शिकावे.

कलम ३. विष्णु यास काहीही नाही, कारण वारसाने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, आणि सहीला माणूस तर हवा.

कलम ४. 'अग्निगरुड' हा पत्ता. २०२३ च्या देवदिवाळीला गोपीनाथने तो मला दोन मंत्रांच्या बदल्यात दिला. आम्ही दोघे पूजा सांगणाऱ्या घरांतले, हात सवयीने चालले. त्याने पत्त्यावर तुळशीपत्र ठेवले, गंगाजळ सोडले आणि 'न मम' म्हणाला. पत्ता पुरीसारखा फुगला. आठवड्याने त्याला पत्त्याची ताकद कळली.

"परत दे. अदलाबदली होती ती, दान कुठलं?"

"उदक सोडलंस. दिलेलं परत घेतलंस तर पाप तुलाच लागेल."

तेव्हापासून तो बोलत नाही. फुगल्यामुळे पत्ता गड्डीत लांबूनच ओळखू येतो, मला एकही डाव जिंकून देऊ शकला नाही. मला गोपीनाथची फार आठवण येते. जिवंतपणी परत करता येत नाही, म्हणून माझ्यानंतर तो पत्ता त्यास मिळावा.

पुरवणी. दुसऱ्या साक्षीदारासाठी विष्णुला गल्लीत धाडले. तो गोपीनाथलाच घेऊन आला. गोपीनाथने कलम ४ दोनदा वाचले.

"तू मरेपर्यंत थांबू काय मी? मला दान कर ना! इंदूवहिनी, जरा पानी आणा."

दोन वर्षांत हे मला सुचले नाही, याची लाज वाटते. मी विधिपूर्वक उदक सोडले. पत्ता दुसऱ्यांदा भिजला आणि त्याचे दोन पापुद्रे सुटले. चित्र गोपीनाथच्या हातात राहिले, पाठ माझ्या.

सबब कलम ४ रद्द. गोपीनाथला आता काहीच मिळायचे नसल्याने तो साक्षीदार होऊ शकतो.

साक्षीदार:
१. विष्णु त्र्यंबक शेवडे (सही)
२. गोपीनाथ रामचंद्र धर्माधिकारी (सही ओली आहे, पुसू नये)

लिहून देणार: नीलकंठ पुणतांबेकर (सही घाईत, पत्ते वाटून झाले आहेत)

वाराणसी, १४ डिसेंबर २०२५