पाटलिणीचा प्रवेश

१२ सप्टेंबर, नारायणगाव
आमच्या तमाशाचा वग लांबतोय म्हणे. मालक दादाभाऊ आज तालमीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पोलिसांच्या परवानगीच्या टायमात बसंना. पाटलिणीचा प्रवेश काढ, मोहिनी." पाटलीण म्हणजे माझी आई, सरूबाई. अख्ख्या फडात तिला उरलेलं तेवढं एकच काम! ते गेलं की तिला बोरीला मावशीकडे धाडतील. उभा जन्म कनातीत गेला तिचा, तिथं भिंतीकडे बघत बसेल. वग मी बांधते, म्हणून कात्रीही माझ्याच हातात.

आई भाकरी थापत राहिली.

१४ सप्टेंबर
ढोलकीवर नवा आलेला अमृत. त्याला वग सांगितला — मुद्दाम आईचा प्रवेश गाळून. पाटलाचा पोरगा देवीचा हार चोरतो, पाटील पोटच्या पोराला हद्दपार करतो, पुढे पोरगा दरोडेखोर होऊन परततो. "लई भारी, ताई," म्हणाला. त्याला कुठंच काही अडलं नाही.

तेव्हा कळलं. त्या प्रवेशात आई रडते, लोक रडतात, पण तिच्या रडण्यानं वगात काही होतच नाही. ती आली काय, न आली काय, पोरगा जाणारच. फार वाईट वाटलं मला.

१५ सप्टेंबर
आईवाचून वग अडेल असं काही जमेना.

१९ सप्टेंबर
जमलं! पाटलीण आता रडत नाही. हार गुपचूप गड्याच्या गोधडीत लपवते. मग पाटील निरपराध गड्याला शिक्षा देतो, पोरगा सोकावतो, शेवटी बापावरच हात टाकतो. प्रवेश तेवढाच, पण सगळं आता त्यातनंच निघतं. काढा म्हणावं! वेळ बसवायला माझी एक लावणी कापली.

२ ऑक्टोबर
तालीम रंगली. आईनं हार लपवला आणि अमृत ढोलकी सोडून बघत राहिला. दादाभाऊंनी या वगावर गावोगावच्या सुपाऱ्या घेतल्या, पार होळीपर्यंत.

आईला विचारलं, कसा झालाय? "चांगला बांधलास गं," एवढंच म्हणाली.

५ ऑक्टोबर
प्रवेश काढा असं आईच दादाभाऊंना म्हणाली होती. आज त्यांच्याच तोंडून कळलं. "गुडघं धरत न्हाईत आता. मला बोरीला बहिणीपाशी ऱ्हाऊ द्या. पोरीला सांगू नका, तिला लागंल." टायमाचं निमित्त तिच्यासाठीच होतं.

मी विचारलं, मग मला थांबवलं का नाहीत?

"वग लई चांगला झाला गं," म्हणाले. मान वर केली नाही.

आई आत पाटलिणीचं लुगडं नेसून बघतेय.